दुखण्याचं सोंग

लाबोरी, ९ सप्टेंबर

व्हर्लिन,

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. फाडून टाकायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागेल, आणि हातात घेतलंस की वाचशील. लहान असताना माझ्या उशीखालच्या चिठ्ठ्या चोरून वाचायचीस तू. स्वतःच्या नावाचं पाकीट न उघडता टाकशील होय?

आपल्या ला रोझ गाणमंडळाचा सण झाला. मिरवणूक चर्चमधून निघाली तेव्हा ऊन असं रणरणत होतं की राणीच्या गालावरची पावडर ओघळून हनुवटीवर आली. यंदाही मी नर्सच. राजा, राणी, पोलीस, न्यायाधीश ही सोंगं घेणारे दरवर्षी बदलतात, पण नर्सचं सोंग आईकडून माझ्याकडे आलं ते आलंच. या वेळी ऑगस्टाला राजासमोर हसू फुटलं. पोलिसांनी दंडाला धरून न्यायाधीशापुढे नेली आणि सगळ्यांदेखत दंड ठोकला. मी म्हटलं, "बाई गं, एकदा सोंग घेतलं की छप्पर कोसळलं तरी मोडायचं नाही." समोरच्या मंडळाचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या मार्गेरीतवाल्यांचा, सण पुढच्या महिन्यात आहे. त्यांचं गाणं यंदाही बेसूर होणार, सेल्विनला माझा निरोप सांग.

पोशाख कमरेत सैल झाला होता, दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागला. उन्हाळ्यात भूक लागत नाही, बाकी काही नाही.

डोंगरावरच्या कॉलेजात मी आणि ऑगस्टा आजारी पडायला जातो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. अर्धी लाबोरी तिकडे विलायतेत, तुमच्या लूटनमध्ये, तिथे काय लपून राहतंय! अमेरिकेत ज्यांना डॉक्टरकीला कुठे दारात उभं केलं नाही ती पोरं इथे शिकायला येतात, आणि खऱ्या माणसाला हात लावण्याआधी त्यांना खोटी माणसं लागतात. ती आम्ही. आधी कागद देतात: नाव काय, कुठे दुखतं, कधीपासून. तो पाठ करायचा, टेबलावर पडायचं, पोरं विचारतील तसं कण्हत उत्तर द्यायचं. कोपऱ्यात मास्तर बसून गुण मांडतो. कागदाबाहेरचं अक्षर बोलायचं नाही, मग ते खरं असलं तरी. मागे एका पोराने विचारलं, "तुम्ही दारू घेता का?" कागदावर होतं, कधीच नाही. मी म्हटलं, "कधीच नाही." आदल्याच दिवशी फ्रायडे फिशच्या मासळी-मेळ्यात त्यानेच मला रमचा ग्लास आणून दिला होता. बिचाऱ्याने मान खाली घालून लिहून घेतलं, 'कधीच नाही'.

माझी हसून पुरेवाट झाली, पण सोंग नाही मोडलं.

वरची खोली एका मुलीला दिलीय. रेनाटा नाव, बफेलो गावची. तिथे म्हणे छपरापर्यंत बर्फ पडतो. चेहराही तसाच, गोरा आणि थकलेला. तिच्याबद्दल पुढे कधीतरी.

घर मोठं वाटतं गं. आईच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवते, बंद दार बघवत नाही. जोएलला आता शाळेत घातलं असशील. त्याचा फोटो ऑगस्टाच्या भाचीने फोनवर दाखवला, कान आपल्या आईचे आहेत.

तू उत्तर धाडशील अशी माझी अपेक्षा नाही. पत्ता मात्र तोच आहे.

डोरा


लाबोरी, १३ ऑक्टोबर

व्हर्लिन,

उत्तर नाही. बरं. तू हट्टी तर मी तुझी मोठी बहीण.

रेनाटाबद्दल सांगायचं राहिलं होतं. ती तिशी उलटून गेलेली आहे, बाकीच्या पोरांसारखी काल मिसरूड फुटलेली नाही. तिकडे ॲम्ब्युलन्सवर होती. रस्त्यातून माणसं उचलून इस्पितळाच्या दारापर्यंत न्यायची, आणि दार बंद झालं की पुढे त्यांचं काय झालं ते कळायचं नाही. "मला दाराच्या आत जायचं होतं, मिस डोरा," म्हणाली. आपल्या देशात दोनदा अर्ज केला, दोनदा नकार. मग इथे. इथेही पहिल्या वर्षी एकदा नापास झाली, आणि इथला कायदा सोपा आहे: दुसऱ्यांदा घसरलात की बॅग भरा. घसरलेली पोरं निरोपसुद्धा घेत नाहीत. सकाळी बघावं तर खोली रिकामी, आणि भात शिजवायचं यंत्र आणि पंखा मागे. गावातल्या कुठल्याही घरमालकिणीकडे जा, पंख्यांचं दुकान लागलेलं दिसेल.

तिच्या वर्गातल्या पोरापोरींची टोळकी आहेत, एकत्र अभ्यास, एकत्र समुद्रावर. ही कुणात नाही. वय आडवं येतं. आईला दर रविवारी फोन करते आणि म्हणते सगळं छान चाललंय. इतकं गोड बोलते की खाली भांडी घासताना मलाच खरं वाटतं. मग फोन ठेवते आणि वर बराच वेळ काही आवाज नाही. मी हाक मारते, "पोरी, कोको टी केलाय, खाली ये." येते, पिते, आभार मानते. आम्ही दोघी एका टेबलाशी बसतो आणि आपापल्या कपात बघतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, काय ही दोन घुबडं.

परवा वरती गेले तर काय बघते! ही बाई माझ्या सोफ्याची उशी पलंगावर झोपवून तिचं पोट दाबतेय. वर उशीला सांगते, "आता मोठा श्वास घ्या. दुखलं तर सांगा हं, माझी भीड धरू नका." मी दारात उभी राहून इतकी हसले की तिचे कान लाल झाले. मग म्हणाली, "मिस डोरा, तुमच्यावर सराव करू का? पोट तपासायला मला अजून नीट येत नाही. हाताला कळतच नाही काही."

मी नाही म्हटलं. "घरात मी घरमालकीण आहे, आजारी पडायचं ते डोंगरावर," म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. पण चेहरा पडला तिचा, आणि मला दिवसभर रुखरुख लागली. नाही म्हणायचं कारण माझ्यापाशी आहे. ते तिला सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही.

या सत्रात कॉलेजात मी जेवणानंतर जळजळ होणारी बाई आहे. पोट तपासायचं, आत काही सापडत नाही, पोट साफ, असा कागद आहे. पोरं येतात, हात लावल्यासारखं करतात, जणू मी गरम तवाच. "मोठा श्वास घ्या," म्हणतात. मी घेते. म्हणजे घेतल्यासारखं करते.

तू शेवटचं जे बोललीस ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. आईच्या कबरीवरचं सिमेंटसुद्धा वाळून गेलं होतं तू आलीस तेव्हा, जोएल तुझ्या खांद्यावर होता. "माझ्या आईला शेवटचं बघायचं की नाही, हे ठरवणारी तू कोण?" अगं, मी ठरवलंच नव्हतं. आईने ठरवलं. तुझी आधीची दोन गेली होती, हे तिसरं राहिलं होतं, आणि आई म्हणाली की व्हर्लिनला विमानात बसवायचं नाही, तिला कळताही कामा नये, घे शपथ. मी घेतली. मरणाच्या दारातल्या आईला कोण नाही म्हणतं? मी चुकले असं मी म्हणणार नाही, व्हर्लिन. आजही नाही.

असो. इथे नीरफणस लागलेत. खायला माणूस नाही.

डोरा


लाबोरी, ८ नोव्हेंबर

व्हर्लिन,

मोठाच घोटाळा झालाय, आणि तो सांगायला मला दुसरं कुणी नाही.

शुक्रवारी पोरांची परीक्षा होती. खोल्याखोल्यांत खोटे आजारी, घंटा झाली की पोरं पुढच्या खोलीत. या परीक्षेत जो घसरला तो गेला. माझ्या खोलीत डॉक्टर अडेयेमी गुण मांडायला होते. नायजेरियाचे, पांढरे केस, शिस्त म्हणजे अशी की माशीही परवानगी घेऊन बसेल. नियम असा आहे की आपला भाडेकरू आपल्यापुढे आला तर लगेच सांगायचं, खोली बदलून देतात. पण त्या दिवशी ऑगस्टाची लेक बाळंत व्हायला टेकली, ती आलीच नाही, आणि आयत्या वेळी सगळ्या खोल्यांची फिरवाफिरव झाली. मी डोळे मिटून पडलेय, दार वाजलं, डोळे उघडून बघते तर रेनाटा.

ती दचकली. मीही. तिने तोंड उघडलं असतं तर परीक्षा थांबली असती, आणि थांबलेली परीक्षा पुन्हा कधी होईल याचा नेम नाही. मी तोंड उघडायला हवं होतं, पण मी सोंगात होते. मी म्हटलं, "डॉक्टर, जेवलं की छातीत जळजळतं हो." झालं, सुरू.

तिने सगळं नीट विचारलं. मग पोट तपासलं. आणि शेवटी अडेयेमींसमोर उभी राहून काय सांगावं तिने? "डाव्या बरगडीखाली प्लीहा, पाणथरी, हाताला लागतेय. वाढलेली आहे. आधी रक्त तपासायला हवं."

अडेयेमींनी कागद बघितला. कागदावर पोट साफ. त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" ती म्हणाली, "हो." पुन्हा विचारलं. पुन्हा हो.

व्हर्लिन, एखादी खूण सापडली नाही तर गुण जातात, तेवढंच. पण नसलेली खूण सापडली म्हणणं हा तिथे गुन्हा आहे. म्हणतात, आज परीक्षेत पाणथरी बनवून सांगितली, उद्या खऱ्या माणसाचं काय बनवून सांगाल? शनिवारी तिला चिठ्ठी आली. गुरुवारी समितीपुढे उभं राहायचं, खोटेपणाचा आळ. तो शाबीत झाला तर नुसतं नापास नाही, नावावर डाग. मग तिला कुठलंच कॉलेज घेणार नाही, या बेटावर नाही आणि दुसऱ्या कुठल्याही नाही.

ती माझ्याशी काही बोलली नाही. कालपासून खाली आलेली नाही. मी माशाचे अक्रा तळून जिन्यावर ठेवले, ते संध्याकाळी तसेच परत आणले. वरून फोनचा आवाज आला. आईशी बोलत होती. सगळं छान आहे, म्हणत होती.

आता तू म्हणशील, पोरीने घाबरून काहीतरी ठोकून दिलं असेल. तसंच असेल. कागदावर पोट साफ होतं ना.

डोरा


लाबोरी, ९ नोव्हेंबर

व्हर्लिन,

कालचं पत्र टाकून आले आणि पोस्टाच्या पायरीवरच बसून राहिले. पोटात एक, ओठात एक, हे पत्रातसुद्धा करायला लागले मी.

पोरीने ठोकून दिलेलं नाही. तिथे आहे. ईस्टरपासून आहे. डाव्या कुशीवर झोपलं की कळतं. चार घास खाल्ले की पोट भरतं, पोशाख त्यामुळेच सैल झाला. व्यू फोरच्या इस्पितळात गेले नाही. आईचं सगळं तिथे बघितलंय, तो वास अजून नाकात आहे. ठरवलं होतं, जे आहे ते असू दे, विचारायलाच जायचं नाही.

मग कॉलेजातल्या इतक्या पोरांना कसं कळलं नाही? ते मी कळू दिलं नाही म्हणून. मोठा श्वास आत घेतला की ती गाठ, पाणथरी म्हणतात ती, बरगडीखालून खाली उतरते आणि बोटांना लागते. म्हणून "मोठा श्वास घ्या" म्हटलं की मी खांदे उचलायचे, तोंडाने आवाज करायचा, आणि श्वास अर्धाच घ्यायचा. कोणाला कळतं? पोरं समाधानाने लिहायची, पोट साफ.

शुक्रवारी रेनाटाने आधी हात चोळले. मग ते स्वतःच्या मानेवर ठेवून गरम केले. इतकी पोरं आली, पण हे कुणी केलं नव्हतं. मग उशीला म्हणायची तेच म्हणाली, दुखलं तर सांगा, माझी भीड धरू नका. आणि मी पूर्ण श्वास घेतला. मुद्दाम घेतला की चुकून, हे मला विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्यावर हात ठेवला होता आणि तो हात गरम होता, इतकंच ठाऊक आहे.

तिची बोटं थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, रेनाटाने डोराकडे बघितलं, डॉक्टरने आजाऱ्याकडे नव्हे. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की हो गं पोरी, आहे. पण घंटा व्हायची होती, कोपऱ्यात अडेयेमी होते, आणि मी छताकडे बघत पडून राहिले. त्यांनी विचारलं, खात्री आहे का, तेव्हाही छताकडे. सोंग मोडायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी असं रुजलंय की माझ्या डोळ्यांदेखत एकीला खोटारडी ठरवलं गेलं आणि मी कण्हणाऱ्या बाईच्या कातडीतून बाहेर आले नाही.

गुरुवारी समिती आहे. बोलले तर ती वाचेल, आणि माझं जे मला ऐकायचं नाही ते ऐकावं लागेल. नाही बोलले तर आणखी एक पंखा माझ्या घरात. दगडाखाली हात सापडलाय गं. तुला म्हणून सांगते, काल मी बराच वेळ गप्प बसायचाच विचार करत होते.

उद्या सकाळी डोंगरावर जाते.

डोरा


लाबोरी, १५ नोव्हेंबर

व्हर्लिन,

हे पत्र नीट बसून वाच.

मी अडेयेमींकडे गेले. सांगितलं, तुमची विद्यार्थिनी खरं बोलली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "मिस मोंडेझिर, ती तुमच्या घरात राहते, हे मला काल कळलं. ते तुम्ही शुक्रवारी सांगायला हवं होतं. आता तुम्हाला तिची दया येणं साहजिक आहे, पण दयेवर मी कुणाला डॉक्टर करत नाही."

"मग माझ्या शब्दावर जाऊ नका," मी म्हटलं. "हात लावून बघा."

त्याच खोलीत, त्याच टेबलावर पडले. आणखी एक डॉक्टरीण बोलावली त्यांनी. हात ठेवला, म्हणाले, "मोठा श्वास घ्या." आणि बघ, सवय कशी असते, मी अर्धाच घेतला. सांगायला आपल्या पायांनी गेले होते, तरी अर्धाच.

"आणखी," ते म्हणाले.

मी घेतला. त्यांची बोटं थांबली. त्यांनी डॉक्टरणीला हात ठेवायला सांगितलं. बाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज तेवढा.

"कधीपासून?"

"ईस्टर."

"या सत्रात पन्नासएक विद्यार्थ्यांनी तुमचं पोट तपासलं!"

"तपासलं कुठे? भीड धरली त्यांनी," मी म्हटलं. मग अर्ध्या श्वासाचंही सांगितलं. म्हातारा खुर्चीत बसला आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिला. मला वाटलं आता रागावणार. तर म्हणाला, "तुम्हाला घरी सोडायला गाडी सांगतो."

रेनाटावरचा आळ काढला. ती पास आहे. ओळख लपवली म्हणून दोघींना तंबी मिळाली, ती वेगळी. माझं काम गेलं. साफ पोटाची बाई म्हणून मला आता ठेवता येत नाही म्हणे, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

घरी आले तर ती स्वयंपाकघरात उभी. मला वाटलं गळ्यात पडेल. कसलं काय!

"मी तिथे उभी होते, मिस डोरा. मला खोटारडी म्हणत होते आणि तुम्ही छताकडे बघत होतात."

"सोंग मोडायचं नसतं, पोरी. आमच्याकडे..."

"मी सोंग करत नव्हते!" ओरडली. या घरात कुणी ओरडल्याला किती दिवस झाले असतील. मग खाली बसली आणि रडायला लागली. मी जवळ गेले तर हात झटकला, आणि मग तोच हात घट्ट धरून ठेवला. "त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मला वाटलं मीच चुकले," म्हणाली. "वाटलं, आहे असं मला हवंय म्हणून माझ्या हाताला लागतंय. मग वाटलं, खरंच असेल तर? मग वाटलं, देवा, मीच चुकलेली असू दे. मी चुकीची ठरले असते तर तुम्ही बऱ्या असता."

असं माझ्याबद्दल कुणी म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं.

मंगळवारी व्यू फोरला जायचंय. रक्त घेतील, आणि लागलं तर हाडातलंही काही काढून तपासायला पाठवतील. रक्ताचा आजार असू शकतो, अडेयेमी म्हणाले. बरा होणाराही असतो आणि न होणाराही. रेनाटा सोबत येणार आहे. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

मग मी तिला म्हटलं, "आणखी एक. हे कुणाला कळता कामा नये."

"तुमच्या बहिणीला?"

"तिला तर नाहीच. तिच्या मागे नोकरी आहे, लहान पोर आहे. शपथ घे." आणि मी कपाटावरचं आईचं बायबल काढून टेबलावर ठेवलं.

ती बायबलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही घेणार."

"अगं, मी आजारी बाई आहे. मी मागतेय."

"आजारी आहात म्हणून खोटं बोलायला लावणार मला? एकदा झालं ना तेवढं पुरे. तुम्ही कळवा. रविवारपर्यंत नाही कळवलंत तर मी कळवेन."

"माझ्या घरात राहून वर तोंड करतेस?"

"मग काढा मला घराबाहेर," म्हणाली, आणि उठून माझंच ताट विसळायला लागली.

मी चिडले, व्हर्लिन. आयुष्यात इतकी चिडले नसेन. आईच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. आईने शपथ मागितली तेव्हा मी तिला पेज भरवत होते. एका हातात वाटी होती, ती खालीसुद्धा ठेवली नाही, दुसरा हात तसाच बायबलवर ठेवला. आईला नाही म्हणता येतं हे मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर काय केलं असतं, कोण जाणे. या परक्या पोरीला ते उभ्या उभ्या सुचलं, आणि तिला तर घराबाहेर काढलं जायची भीती होती.

आज रविवार. ती वर आहे आणि आईशी बोलतेय. आज सगळं छान आहे म्हणत नाहीये. एकदा नापास झाले होते, म्हणाली, आता पास झालेय, आणि इथे फार एकटं वाटतं. बफेलोची आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बोलणं अजून चालू आहे.

तर मी तुला सांगते. ते दुखणं सोंगाचं नाही, माझं आहे. मला भीती वाटते. तिथे टेबलावर वाटली नाही इतकी इथे वाटते, भांडी घासताना, पडदे लावताना. मला आई आठवते, आणि आईपेक्षा तू जास्त आठवतेस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. इथे येऊन भांड. कबरीवर जे अर्धं बोललीस ते उरलेलं येऊन बोल, मी ऐकून घेईन. जोएलला आण.

आईने तुला बोलावलं नव्हतं. मी बोलावतेय. ये.

डोरा